गाडीच्या पोटातली दारू

या जगात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या दत्तामामांचा, आणि सध्या ते मला बेवडा समजतात.

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. ती मिळावी म्हणून मामांनी फी भरली, स्वतःच्या मोटरसायकलवर मागे बसवून मला तालुक्याच्या कॉलेजात सोडलं, आणि नवी मुंबईत नोकरी लागल्यावर तीच मोटरसायकल माझ्या हवाली केली. "हिला जप," एवढंच म्हणाले. मामा स्वतः इतके निर्व्यसनी, की खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून बघतात. (स्पिरिटचा वास आला तर खोकला परवडला म्हणतात!)

गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. पेट्रोल बदललं की नव्या गाड्या आपलं आपण जमवून घेतात. हिला तसलं काही येत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं आणि बाईसाहेब रोज सकाळी रुसायला लागल्या. रबरी नळी फुगली. किक मारून मारून माझा गुडघाही फुगला. शेवटी मी पंपावर जाऊन नम्रपणे विचारलं, "इथेनॉल नसलेलं पेट्रोल कुठलं?"

"साधं हाय, प्रीमियम हाय. बोला."

"पण इथेनॉल कशात नाही?"

"साहेब, मागे लाइन लागलीय. पंप आहे हा, ज्यूस सेंटर नाय. विदाउट आइस, विदाउट शुगर असलं काय नसतं!"

मी प्रीमियम भरलं. गाडीला काडीचा फरक पडला नाही. आता मला सांगा, गाडी माझी, टाकी माझी, आणि तिच्या पोटात काय जावं हे विचारायचीही चोरी? (हाच प्रश्न मी त्या पंपावर मोठ्याने विचारला. मागच्या लाइनने हॉर्न वाजवून उत्तर दिलं.)

तळवलीतले आमचे घरमालक जनूकाका हे सगळं ओट्यावरून बघत असत. एक दिवस म्हणाले, "आरं बाला, तां इथेनॉल म्हंजे दारूच हाय! उसाची दारू! तुजे गारीला सोसत नाय."

झालं! त्या दिवसापासून अख्खी आळी माझ्या गाडीला 'बेवडी' म्हणू लागली. "काय, बेवडी उठली का?" असं लोक सकाळी दात घासता घासता विचारत. मी हसण्यावारी नेत असे. इथेच चुकलं.

मग तो रविवार आला. मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलीकडचे नावड्याला राहतात. "पोरगं सुपारीला शिवत नाही," असा शब्द मामांनी त्यांना दिला होता. सकाळी कांदेपोह्यांना पोचायचं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून किक मारली. गाडी ढिम्म! आळीतल्या पोरांनी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि ढकलतच परत आणली.

"टाकीत पानी उतरलाय," काका म्हणाले. "ती दारू पानी खेचते. समदी भायेर काढ! माज्याकरं डब्यान शंभर ऑक्टेनवाला महाग पेट्रोल हाय, त्यान इथेनॉल नसतंय बोलतान. तो भर."

"काढू कशी?"

"पाइप घाल नि तोंडान ओढ!"

ओढलं. पहिला घोट सरळ घशात! डोळे लाल झाले, नाकातून पाणी आलं, आणि तोंडाला असा वास सुटला की विचारू नका. काकांचं पेट्रोल भरल्यावर गाडी मात्र पहिल्या किकला सुरू झाली. मी चूळ भरली, वास जावा म्हणून मूठभर बडीशेप तोंडात कोंबली आणि निघालो.

लाल डोळे, बडीशेप, आणि बडीशेपेच्या खालून येणारा वास. मुलीच्या वडिलांनी मला खुर्ची दिली आणि स्वतःची मागे सरकवली.

"उशीर कसा झाला?" त्यांनी विचारलं.

मी खरं बोलणारा माणूस. म्हणालो, "सकाळी थोडी दारू तोंडाने ओढावी लागली. त्याशिवाय निघताच येईना."

पोहे आलेच नाहीत.

"म्हणजे गाडीतली!" मी घाईने सांगितलं.

"गाडीत पण ठेवता?" मुलीची आई म्हणाली.

मी तळवलीला परतायच्या आत त्यांनी मामांना फोन केला होता, आणि मामांनी जनूकाकांना. काकांनी तो संवाद मला मोठ्या अभिमानाने ऐकवला. मामांनी विचारलं होतं, "सकाळी नेमकं काय झालं?" आणि काका गाडीबद्दल बोलू लागले, "आवो, रोजचाच हाय! लाथ मारल्याशिवाय उठत नाय. पोरा ढकलत नेतान. पोटान दारू हाय ना! मी किती दिस सांगतंय, सोसत नाय तं कशाला पाजायची?"

तेव्हापासून मामा माझा फोन घेत नाहीत. म्हणून मी हे पत्र पाठवलं:

"ती. मामांस शि. सा. न.

मी पीत नाही. गाडी पिते. तीही हौसेने नाही. आमच्या पंपावर दुसरं मिळत नाही म्हणून. तुम्ही मला माणूस केलंत, म्हणून लहान तोंडी विचारतो: आपला ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथेच हे इथेनॉल होतं ना? म्हणजे ऊस तुमचा, गाडी तुमची, आणि बेवडा मात्र मी! हा कुठला न्याय?

मुलगी मला फोटोवरूनच पसंत आहे. कृपा करून नावड्याला एक फोन करा. 'पोरगं निर्व्यसनी आहे, फक्त अडलं तरच टाकीला तोंड लावतं,' एवढंच सांगा.

नको, तेवढंही सांगू नका. नुसतं 'निर्व्यसनी' म्हणा आणि लगेच फोन ठेवा. पुढचं समजावून सांगायला गेलं की काय होतं, ते मी एकदा करून पाहिलं आहे.

आपला आज्ञाधारक भाचा"