ऑपरेटिंग सिस्टीम समजली तेव्हा

तिसऱ्या वर्षाला मी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नापास झाले, तेव्हा मला आधी सुटल्यासारखंच वाटलं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मी निवडलं नव्हतं. बारावीला गणितात चांगले मार्क पडले आणि पप्पांनी प्रवेश घेऊन टाकला. ते सरकारी कचेरीत क्लार्क. आमच्या नात्यात इंजिनिअर होणारी मी पहिलीच. धायरीहून लोणी काळभोरच्या कॉलेजला जाताना बसमध्ये मी इतिहासाची पुस्तकं वाचायचे.

निकाल लागला त्या दिवशी जेवताना धीर करून म्हटलं, "पप्पा, मला हे जमत नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. करते."

त्यांनी घास संपवला. "कुठला विषय राहिला?"

"ऑपरेटिंग सिस्टीम. पण मी काय म्हणतेय..."

"कळलं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मला बुधवार पेठेत घेऊन गेले. पुस्तकांच्या दुकानात त्यांनी ऑपरेटिंग सिस्टीमवरचं चांगलं पुस्तक मागितलं.

"परीक्षेसाठी हवंय की समजण्यासाठी?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"समजण्यासाठी," पप्पा म्हणाले.

"मग जाड आहे."

ते जाड पुस्तक पप्पांनी घरी येईपर्यंत स्वतःच्या काखेत धरलं, मला उचलू दिलं नाही. मी मागून चालत होते. रडता येत नव्हतं, कारण कोणी काही वाईट केलंच नव्हतं.

मग वाचणं भागच होतं. एका रविवारी दुपारी पुस्तकातला एक प्रयोग करायला बसले. दोन प्रोसेस, म्हणजे एकाच प्रोग्रॅमची एकाच वेळी चालणारी दोन कामं, आणि मध्ये अक्षरं वाहून नेणारा एक पाइप. एकीने लिहायचं, दुसरीने वाचायचं. अक्षरं बरोबर छापली जायची, पण प्रोग्रॅम संपायचाच नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहायचा. जेवण झालं, चहा झाला, तरी तेच. पुस्तकातलं ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि एकदम दिसलं. पाइपची लिहिण्याची सगळी टोकं बंद झाली, की मगच वाचणारीला कळतं की आता काही यायचं नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये लिहिण्याचं एक टोक वाचणारीनेच उघडं धरलं होतं. ती स्वतःचीच वाट बघत बसली होती. एक ओळ घातली आणि प्रोग्रॅम संपला.

मी ओरडलेच. पप्पा पेपर बाजूला ठेवून आत आले. "आलं?"

"आलं."

ते इतके मनापासून हसले, की माझा आनंद तिथेच आटला. 'जमत नाही' ही माझी एकच सबब होती. ती आता गेली.

विषय सुटला. पुढच्या वर्षी कॉलेजातच एका कंपनीने माझी निवड केली. तेव्हा मी पुन्हा इतिहासाचं काढलं.

"आता तर जमतंय की," पप्पा म्हणाले. मी नोकरीच्या पत्रावर सही केली.

आता ऑफिसात कोणाचा प्रोग्रॅम अडकला, की तो माझ्याकडे येतो. मी शांतपणे बघते आणि बहुतेक वेळा कारण सापडतं. त्या क्षणी बरंही वाटतं. मग स्क्रीनवर पुढचं काम उभं असतं.

पप्पा निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी ते टीव्ही बघत असताना मी त्यांना स्पष्टच सांगितलं, "मला हे काम आवडत नाही."



"मलाही कचेरी आवडायची नाही," ते म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.