बर्फवाल्या ताईंची कुपी

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून गेलं की प्रयोगशाळा लागायची. तिथे त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे म्हणत बर्फवाल्या ताई, आणि त्याही बिनतक्रार ओ देत. तीस वर्षं लोकांचं रक्त तपासण्यात गेलेली बाई. चष्मा कपाळावर, पेन कानावर, आणि दोन्ही सापडत नाहीत म्हणून सगळी लॅब कामाला लावलेली.

नाव पडलं त्यांच्या एका खोडीमुळे. कॅन्सरच्या उपचारांतून उठलेली माणसं दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला येतात. त्या रक्तात ट्यूमर मार्कर नावाचा पदार्थ मोजतात. आता हा मार्कर म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे, पोटातल्या साध्या सुजेनेही तो वाढतो. पण एकाच माणसाचा आकडा मागच्या वेळेपेक्षा चढला की उतरला हे पाहिलं, तर दुखणं परत येतंय का याची डॉक्टरला चाहूल लागते. तपासणी झाली की उरलेला नमुना आठवड्याने फेकायचा, असा लॅबचा नियम. ताई मात्र रक्तातून वेगळं काढलेलं पिवळसर पाणी बोटाच्या पेराएवढ्या कुपीत भरत, वर तारीख घालत आणि खोल फ्रीजरात ठेवून देत. पुढचा नमुना आला की मगच मागचा जायचा. लॅबचे साहेब दोनदा म्हणाले, ताई, हा फ्रीजर आहे की अडगळीची खोली? ताई हो हो म्हणायच्या आणि कुप्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवायच्या.

घरीही तीच तऱ्हा. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. बस डेपोतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगत, मी रोज उठल्यावर आधी आरशात बघतो, कपाळावर माझी चिठ्ठी नाही ना, आणि मगच चहा घेतो. ताई म्हणत, तुमची मुदत मीच ठरवायची आहे, जपून बोला.

तर एका वर्षी लॅबमध्ये नवं मशीन आलं आणि जुनं उचलून नेलं. दोन कंपन्यांची दोन मशीनं तेच रक्त वेगवेगळ्या आकड्यांत मोजतात, हे लॅबमध्ये सगळ्यांना पाठ. म्हणून ताईंनी आठवणीने रिपोर्टच्या तळाशी एक ओळ घालून घेतली: मोजण्याची पद्धत बदलली आहे, मागील आकड्याशी थेट तुलना करू नये. साहेबांनी सही ठोकली. झालं, गंगेत घोडं न्हालं असं समजून सगळे कामाला लागले.

पुढे दोनेक महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी शिवणकामवाल्या बाई रक्त द्यायला आल्या. हॉस्पिटलमागच्या गल्लीत त्यांचं एका मशीनचं दुकान. दोन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, सलाईनमधून सहा वेळा केमोचं औषध गेलं, केस गळून गेले आणि बाई उठून पुन्हा शिवायला बसल्या. कधीही आल्या की डावा हात पुढे करायच्या. उजवा कात्रीचा, त्याला सुई नको. आणि बोलणं तर असं, की रांगेतल्या माणसांना आपला नंबर लवकर आला याचं वाईट वाटायचं.

आज मात्र आल्या आल्या नुसता कागद पुढे केला. ताईंनी कागद पाहिला. सोमवारी पुन्हा औषध सुरू करायचं होतं, त्याच्या आधीच्या तपासण्या होत्या. ताईंनी विचारलं तेव्हा कळलं, की स्कॅन साफ होता, पण मार्करचा आकडा चोवीसवरून एकोणपन्नासवर गेला. महिन्याने पुन्हा पाहिला तर एक्कावन्न. दोन्ही वेळा चढलेलाच, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता वाट बघण्यात अर्थ नाही.

बाईंनी मानेवरून हात फिरवला. म्हणाल्या, "ताई, आत्ता कुठे वेणी यायला लागली होती हो."

ताईंनी मनात आकडे लावून पाहिले. चोवीस जुन्या मशीनवरचा. एकोणपन्नास नव्यावरचा, एक्कावन्नही नव्यावरचाच. रिपोर्टच्या तळाची ती ओळ कोणी वाचलीच नव्हती. वाचणार तरी कसं? मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, तीही पत्त्याच्या आणि फोन नंबरच्या खाली. मी सांगितलं होतं, असं म्हणायला ती ओळ उत्तम होती; कळायला तिचा काडीचा उपयोग नव्हता. आणि स्वतःची खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मशीन बदललं त्याच आठवड्यात फ्रीजरातल्या कुप्या नव्या मशीनवर लावून सगळ्यांचे नवे आकडे काढून ठेवायला हवे होते. वर्षानुवर्षं जपलं, आणि ज्या दिवसासाठी जपलं तो दिवस आला तेव्हा जपतच बसल्या.

बाईंना काहीच न सांगता ताई फ्रीजरकडे गेल्या. आशा लावून ती खोटी ठरली तर त्यासारखं पाप नाही. एकोणपन्नास आला तेव्हाच मागची कुपी टाकायला हवी होती, पण नव्या मशीनच्या गडबडीत हात तिथवर पोचला नव्हता. मागच्या कप्प्यात, कोपऱ्यात, बर्फाने चिकटलेली ती सापडली. चोवीसवाली. त्यांनी ती सावकाश वितळू दिली, आधी मशीनची तपासणी केली आणि मग तोच नमुना दोन वेगळ्या नळ्यांत लावला. आकडा चोवीसच्या आसपास आला तर चढ खरा, आणि सोमवार अटळ. वीस मिनिटं ताई मशीनच्या पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि उगाचच स्वच्छ टेबल पुसत होत्या.

अठ्ठेचाळीस. दुसऱ्या नळीतही अठ्ठेचाळीस.

ताई खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मग तोंड धुऊन बाईंचे तिन्ही रिपोर्ट आणि हा नवा आकडा घेऊन जिन्याने वर डॉक्टरांकडे गेल्या. लिफ्टची वाट पाहायचा धीर नव्हता. डॉक्टर आधी वैतागले, ही सूचना होती कुठे म्हणाले. ताईंनी बोट ठेवून दाखवली. त्यांना ती चष्मा काढून, कागद नाकाला लावून वाचावी लागली. आता कोणीही म्हटलं असतं, बघा, आम्ही लिहिलं होतं. साहेबांच्या सहीमागे लपता आलं असतं. ताईंनी तसं केलं नाही. म्हणाल्या, "चूक माझी आहे, डॉक्टर. हे मी दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं." अशी माणसं दिव्याने शोधून सापडत नाहीत, आणि सापडली तर आपण त्यांना बर्फवाल्या म्हणून हसतो.

डॉक्टरांनी सोमवारचं औषध थांबवलं. रक्त मात्र दर महिन्याला बघत राहू म्हणाले.

बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. आता त्यांना समजवायचं कसं? ताईंनी त्यांच्या पिशवीतून डोकावणारी टेप ओढून काढली. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. बाई क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, म्हणजे कंबर तेवढीच, टेप उलटी धरली? आणि दोघी हॉस्पिटलच्या बोळात अशा हसल्या की नर्स बघायला आली.

ताई मात्र तिथे थांबल्या नाहीत. फ्रीजरात जुन्या मशीनच्या वेळच्या आणखी सदतीस कुप्या होत्या. तीन दिवसांत त्यांनी सगळ्या लावल्या आणि मोठ्या अक्षरांत नवे आकडे कळवले. नव्या मशीनवर नंतर आलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं, तर छत्तीस जणांचा आकडा जागेवर होता. एकाचा नव्या मापानेही खरोखर चढलेला निघाला. त्या माणसाला बोलावून घेतलं, उपचार वेळेत सुरू झाले. पण तो आकडा आला त्या दुपारी ताईंचा डबा तसाच बंद राहिला. साहेबांनी अडगळ हा शब्द पुन्हा काढला नाही, उलट दुसरा कप्पा मोकळा करून दिला.

महिन्यामागून महिने बाईंचा आकडा पन्नासच्या आसपासच राहिला. वर्षभराने बाई आल्या तेव्हा खांद्यावर वेणी होती, टोकाला कापडाची निळी पट्टी. त्यांनी डावा हात पुढे केला. रक्त घेऊन झालं, कापूस दाबून धरला, तरी उठेनात.

"ताई, आजचं ठेवता ना?"

"ठेवते," ताई म्हणाल्या, आणि कानावरचं पेन काढून त्यांच्यासमोरच कुपीवर तारीख घातली.