होडीचं नाक उंदरानं खाल्लं

आमच्या घरात पत्रक कधी रद्दीत जात नाही. वाटून उरलेला गठ्ठा बाबा सुतळीनं बांधून माळ्यावर टाकतात. ते अंबडच्या कारखान्यात फिटर आणि संघटनेचे कार्यकर्ते. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. ताई चित्रकार. गेल्या वर्षी तिनं त्याच गठ्ठ्यांना हात घातला.

संघटनेच्या अधिवेशनाला ताई बाबांबरोबर रत्नागिरीला गेली होती, तेव्हा भाषणं सोडून ती दिवसभर बंदरावर बसली. ते बंदर तिला उठावाचं, फळीतून वर उठून आलेलं असं करायचं होतं. पत्रकं भिजवून तिनं लगदा केला, त्यात पोस्टरं चिकटवायची मैद्याची खळ मिसळली, आणि फळीवर धक्क्याला लागलेल्या होड्या उभ्या केल्या.

"माणसं कुठायत?" बाबांनी विचारलं. "बंदर काय आपोआप चालतं?"

"तुमच्यासारख्यांचं भाषण ऐकायला गेलीत."

मी बाबांच्या बाजूची. कष्ट न दाखवणारं चित्र म्हणजे भिंतीची शोभा, असं मी ठणकावलं. आजही माझं तेच मत आहे.

शहरातल्या प्रदर्शनात ताईचं चित्र पहिल्यांदाच निवडलं गेलं. दुपारपर्यंत पोचवायचं होतं, आणि सकाळी बघतो तर पुढच्या होडीचं नाक गायब. उंदरानं खाल्लेलं.

"खळीत मोरचूद घातला नाहीस?" बाबा म्हणाले.

"चित्रात विष कशाला, म्हटलं."

"पोस्टरवाल्याची पोरगी ना तू?"

बाबांनी कारखान्यातली पाळी बुडवली. खळ शिजवली, मोरचूद टाकला, आणि पातेल्यात निळसर हिरवं काहीतरी रटरटू लागलं. ताई ओरडलीच, "हाच, हाच पाण्याचा रंग!" होडीचं नाक बाजूला राहिलं, ती सगळ्या पाण्यावर ती खळ थापत सुटली. मी टेबलफॅन धरून उभी. माळ्यावरचे गठ्ठे संपलेले, तेव्हा बाबांनी उद्या गेटवर वाटायच्या पत्रकांचा गठ्ठा फोडला. नाक झालं. मग ते उरलेले कागद पिळून दोर वळू लागले. प्रत्येक होडीला एक दोर, प्रत्येक दोराला गाठ.

"ही घे तुझी माणसं," ते म्हणाले. "गाठ कुणीतरी मारलीच असणार."

ताईनं शेवटची गाठ जरा घट्ट केली.

बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी फळी आडवी धरली होती. वारा तिला उडवू बघत होता. प्रदर्शनाच्या दारातला माणूस बोट लावून म्हणाला, "ओलं आहे हो हे."

"वाळेल," बाबा म्हणाले. "तोवर मी इथंच थांबतो."

संध्याकाळपर्यंत थांबले. येणाऱ्या प्रत्येकाला होड्या नाही, गाठी दाखवत होते.