कुरडयांशेजारी वाळलेली कॅसेट

आमच्या घरात ज्याला बुरशी किंवा कीड लागते त्याला ऊन दाखवतात. तुरीची डाळ, गोधड्या, लग्नातले कोट, सगळ्यांना हेच औषध. त्यामुळे मे महिन्यात बाबांच्या कॅसेटमधल्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तेव्हा मी फार विचार केला नाही. गच्चीवर बायको कुरडया घालत होती. तिच्या जुन्या साडीच्या एका कडेला मी ती कॅसेट ठेवली आणि खाली आलो. मग जेवण झालं, आणि मग डोळा लागला.

खरं तर घरातल्या कॅसेटी, सीडी आणि टेप सांभाळायचं काम माझ्याकडेच आहे आणि ते मी फार मनावर घेतो. टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतो. सैल पडलेली फीत पेन्सिलीनं आवळतो. सीडी गोल गोल पुसू नये, मधून कडेकडे पुसावी, हे घरात सगळ्यांना इतक्यांदा सांगितलंय की माझ्या हातात कापड दिसलं की मुलं खोलीतून निघून जातात. असा मी, आणि संध्याकाळी गच्चीवर गेलो तर जालन्याच्या उन्हानं कुरडया छान कडक झालेल्या आणि कॅसेटचा एक कोपरा पापडासारखा वर उचललेला.

ती कॅसेट साधी नव्हती. बाबा मंठ्याकडे शाळेत शिक्षक होते तेव्हा आमच्या वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. बाबा गायचे आणि तीर्थपुरीचे एक काका ढोलकी वाजवायचे. एका जयंतीला कुणीतरी स्टेजपाशी टेप ठेवून सगळा कार्यक्रम भरून घेतला. कडव्यात बाबांची लय पडते, असं काकांचं तेव्हापासून म्हणणं. आणि पडत नाही, याचा बाबांकडे एकच पुरावा, ही कॅसेट. त्यावर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून तिच्या पाठच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे तुकडे बाबांनी स्वतः मोडून टाकले होते. काका आमच्याकडे आले की ती लागायची, बाबा जिंकायचे, आणि काका म्हणायचे की टेपवाल्यानं काहीतरी गडबड केली.

येत्या रविवारी काका येणार होते. पार्टीतले आता हे दोघंच उरलेत.

मी कॅसेट पोळपाटाखाली दाबून ठेवली. वर वरवंटाही ठेवला. रविवारपर्यंत ती जवळजवळ सरळ झाली. जवळजवळ हा शब्द मी स्वतःच्या समाधानासाठी वापरतोय. बाबांना सांगायला मी रोज त्यांच्या खोलीत जायचो आणि त्यांच्या गोळ्यांची चौकशी करून परत यायचो.

काका आले, पाणी प्यायले आणि टेपकडे बोट दाखवून म्हणाले, लाव तुझ्या बापाचा पुरावा. कॅसेट आत जायला जरा कुरकुरली. पहिल्या दोन ओळी बऱ्या लागल्या. कडवं सुरू झालं आणि आतलं चाक कुठंतरी घासायला लागलं. बाबांचा आवाज जाड झाला, ओढला गेला, रेड्यासारखा झाला, पुन्हा सुटला. काकांनी मांडीवर थाप मारली.

“गुरुजी, तू गाऊन न्हाई राह्यला, झोपून राह्यला. मी तव्हाच म्हणलं होतं.”

बाबा टेपकडे असे बघत राहिले, जणू घरातल्याच माणसानं उलटी साक्ष दिली. मला ते बघवेना. मी बटण बंद केलं आणि सांगून टाकलं की चूक माझी आहे, कॅसेट मी उन्हात ठेवली होती.

बाबांनी विचारलं, “किती वेळ?”

“कुरडया वाळेपर्यंत.”

काकांना हे बिलकुल पटलं नाही. ते हसत म्हणाले, “लेकरू बराबर बापावर गेलं. बाप चुकला की माइकवर ढकलायचा, हा उन्हावर ढकलून राह्यला.” मी कॅसेटचा वाकडा कोपरा दाखवला, तर तो आधीपासूनच तसा होता म्हणाले. माझ्या बायकोनं स्वयंपाकघरातून साक्ष दिली, तिलाही त्यांनी घरचा माणूस म्हणून बाद केलं.

मग बाबाच सावरून बसले. “वाजव,” म्हणाले. “आत्ता म्हणतो.”

ढोलकी नव्हती. कोपऱ्यात पाण्याचा रिकामा जार होता, काकांनी तो मांडीवर घेतला आणि बोटं चालवून बघितली. बाबांनी सुरुवात तर झकास केली. कडव्याला मात्र त्यांचा दम पुरेना. एकेका शब्दानंतर ते थांबून श्वास घ्यायला लागले आणि मी मनातल्या मनात मान खाली घातली. आता काका सोडणार नव्हते.

काकांची बोटं हळू झाली. आधी मला वाटलं, तेही थकले. पण बाबा श्वास घ्यायला थांबले की ती थांबायची आणि शब्द आला की नेमकी पडायची. हे करताना काका खिडकीबाहेर उभ्या एका रिक्षाकडे बघत होते. गाणं फार सावकाश, पण कुठंही न सुटता शेवटाला आलं.

बाबांनी पंच्यानं तोंड पुसलं. “आता बोल. पडली का लय?”

काकांनी जार खाली ठेवला. “न्हाई,” ते म्हणाले. “बराबर गायलास.”

बाबांनी मला चहाचं बघायला आत पिटाळलं. मी दारातून वळलो तेव्हा ते काकांना विचारत होते, मंग इतकी वर्षं कशाला भांडून राह्यला होतास.