बंदीत परत दिलेलं मशीन

वेसाव्याच्या सखुबाईंनी वास घेतल्याशिवाय भाड्याची वस्तू कधी ताब्यात घेतली नाही. मासळीसाठी कोल्ड रूम बघायला गेल्या की आत मधोमध उभ्या राहायच्या, नाक वर करायच्या आणि म्हणायच्या, "आधीच्याने इथं मुशी ठेवलेली. धुऊन दे, मग बोलू." मालक शपथा घेत राहायचा. सखुबाई नाकावर भरवसा ठेवायच्या, शपथेवर नाही.

म्हणून सून कल्पिताने नव्या मशीनचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "कुठं हाय ते? मना दाखव."

धंदा अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या हॉटेलांना मासळी पुरवण्याचा. कोणाला पापलेट अख्खं लागतं, कोणाला सुरमईची तुकडी जाड, कोण सोमवारी मासळी घेतच नाही, हे सगळं सखुबाईंच्या डोक्यात असायचं. मग डोकं दगा देऊ लागलं. कोळंबी एकीकडची दुसरीकडे जाऊ लागली. तेव्हा कल्पिताने सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. हॉटेलवाले फोनवरूनच ऑर्डर टाकू लागले.

"आधी आपलं काम दहा जणांच्या सामाईक मशीनवर होतं, आई," कल्पिता समजावत होती. "चाळीतल्या नळासारखं. शेजाऱ्याने तोटी सोडली की आपली धार बारीक. आता अख्खं मशीन आपलं एकट्याचं. नाहूरकडे एका इमारतीत अशी शेकडो मशीनं कपाटांत लावलेली आहेत. आपण इथून बटण दाबायचं. तिथलं एक मशीन आपोआप चालू होतं, लागेल तो प्रोग्राम स्वतःच चढवून घेतं आणि चहा उकळेपर्यंत आपल्या ताब्यात येतं."

"चालू कोण करतं?"

"कोणी नाही. आपोआप."

"चावी कोणाकडं?"

कल्पिता हसली. सखुबाई हसल्या नाहीत. ज्या खोलीला माणूस नाही, तिची चावी सगळ्यांकडेच असते, हा त्यांचा हिशोब.

मुलगा निमेश टेम्पो चालवायचा. त्याला घेऊन एके दिवशी त्या थेट नाहूरला गेल्या. फाटकावरचा रखवालदार त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेऊन म्हणाला, "आजी, आत मलापण सोडत नाहीत."

त्यावर संशय जास्तच पक्का झाला. घरी आल्या आल्या त्यांनी सुनेला गाठलं. "आपल्या आधी त्यात कोण होतं?"

"असेल कोणीतरी. त्याने परत दिल्यावर सगळं पुसून मग आपल्याला दिलं."

"पुसलं कशावरून?"

पुढे हॉटेलांना मासळी पुरवणाऱ्या मालाडच्या दादूने, सखुबाईंनी पापलेटचा भाव उतरवला नेमका त्याच दिवशी आपलाही उतरवला. "मशीनमधूनच फुटलं," सखुबाई म्हणाल्या.

"आये," निमेश म्हणाला, "दादू लिलावात तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. त्याला मशीन कशाला लागतंय?"

मग पावसाळ्यातली मासेमारीची बंदी आली. होड्या किनाऱ्यावर ओढल्या की भाड्याचं सगळं परत द्यायचं, ही सखुबाईंच्या सासूपासूनची रीत. कोल्ड रूम परत, जादा टेम्पो परत. आपले क्रेट मात्र मालकाच्या कोपऱ्यात रचलेले राहतात. काही विसरलं तर त्याचा माणूस फोन करतो. बंदी सरून समुद्राला नारळ वाहिला की खोली पुन्हा आपली आणि क्रेट जागच्या जागी.

कल्पिता भाचीच्या हळदीला माहेरी, मढला गेली होती. सखुबाईंनी निमेशला बसवलं. "त्या नाहूरवाल्याचंही परत दे. दोन महिने रिकामं राहील, कोण काय उचकून बघेल."

निमेशने पासवर्ड टाकला. पडद्यावर लाल अक्षरं आली. "आये, आतलं सगळं काढून टाकणार म्हणतंय. मशीनचं नाव टाइप करा म्हणतंय."

"टाक. खोली धुतात, क्रेट थोडेच फेकतात?"

निमेशने नाव टाइप केलं.

कल्पिता परत आली, कॉम्प्युटर उघडला आणि तिने सासूला हाक मारली. "आई, मशीन कुठे आहे?"

"परत दिलं. बोटी सुटल्या की घेऊ. आपलं सामान असेल तिथंच."

"कसलं सामान? सगळी हॉटेलं त्यात होती!"

"मग फोन लाव त्यांना. म्हणावं, थांबा."

"कोणाला लावू? तिथे थांबवायला माणूसच नाही. तुम्ही सोडलंत, त्याच क्षणी त्याने आपोआप पुसायला घेतलं असेल. आता त्यात दुसरा कोणी बसला असेल."

बोटी सुटल्यावर ज्याचा पुरवठा चोख, त्याचं हॉटेल. दादू तर टपूनच होता. सखुबाई सुनेवर उलटल्या. "तू मना सांगितलं नायस. मुद्दाम."

"सांगितलं होतं. आधी कोण होतं असं तुम्हीच विचारलंत, तेव्हा."

रखवालदार, दादू, सून, सगळ्यांवर सखुबाईंनी डोळा ठेवला होता. पुसा असं सांगितलं ते मात्र त्यांनीच.

कल्पिता उठली. फळीवरच्या सुक्या बोंबलांच्या डब्यामागे हात घालून तिने काडेपेटीएवढी एक काळी डबी काढली. "मशीनमधल्या शिमग्यापर्यंतच्या सगळ्याची कॉपी यात आहे. त्यानंतरचं गेलं."

सखुबाईंचे डोळे बारीक झाले. "हे कधी केलंस? मना न सांगता?"

"शिमग्याला. तुम्ही एक दिवस ते मशीन परत देणार, असं वाटतच होतं मला."

"म्हणजे माझ्यावर संशय?"

"हो."

निमेशने तोंड खिडकीकडे फिरवलं.

सखुबाईंनी डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि नाकाशी धरली. बोंबलांचा वास येत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले.

"आपलीच हाय," त्या म्हणाल्या. "शिमग्यानंतर कोणी काय बदललं ते उद्यापासून एकेका हॉटेलात जाऊन विचारू. तू लिहून घे, मी बोलते. आणि याची अजून एक कॉपी कर."

"करते."

"कुठं ठेवतेस, ते मना सांगू नको."