कवळीचा चेंबर

मुकादमांना नकाशा वाचता येत नव्हता असं नाही. सातवीपर्यंत शिकले होते, अक्षर तर साहेबापेक्षा बरं होतं. पण गटारांच्या कागदी नकाशावरचे एक्केचाळीस, एक्केचाळीस-अ, बेचाळीस असले आकडे त्यांच्या डोक्यात पाच मिनिटंही टिकायचे नाहीत. त्यांच्या डोक्यातला नकाशा वेगळा होता, आणि ते तो सांगायला लागले की समोरचा माणूस हातातला चहा खाली ठेवायचा.

कामाला लागले त्या वर्षीच जुन्या मुकादमाने त्यांना तालीम दिली होती. "आकडे घोकत बसू नकोस. झाकण उघडलं की आत सगळ्यात घाण काय आहे ते नीट बघ. पोटात ढवळेल, ढवळू दे. मग मान वर करून बघ, भिंत कुठं आहे, पाइप कुठं आहे. आकडा विसरशील, किळस विसरणार नाहीस."

आणि तसंच झालं. सलूनमागचा चेंबर केसांचा. तिथं आकडी टाकली की ओल्या केसांचा दोरखंड वर यायचा, ओढावा तितका लांब. खाणावळीमागचा चरबीचा. पिवळे थर, फावड्याने कापले की साबणासारख्या वड्या पडायच्या. असे चारशेच्या वर. डोळे मिटले की मुकादम गावातल्या कुठल्याही गल्लीतून चालत जात, एकेका किळसेपाशी थांबत, डावीकडे-उजवीकडे बघत. बायको म्हणायची, "अहो, देवापुढे बसता तेव्हा तरी ते डोक्याबाहेर ठेवा." ते म्हणत, "ठेवतो गं. ते राहत नाही बाहेर."

केसांचा आणि चरबीचा यांच्या मधे जी गल्ली होती, तिथे त्यांची धाकटी मुलगी दिलेली होती. दीड महिना झाला, त्या गल्लीत सकाळी नळ आला की पहिल्या दोन बादल्या काळपट यायच्या आणि त्यांना गटाराचा वास असायचा. तिसरी बादली दिसायला स्वच्छ, म्हणून लोक ती पीत होते. मुकादमांच्या नातीला तिसऱ्यांदा सलाईन लागलं. चार वर्षांची पोर, डोळे पार खोबणीत गेलेले. गल्लीत अशी अकरा मुलं होती.

साहेब म्हणजे नगरपालिकेचा नवा इंजिनिअर. वाईट नव्हता, पण कागदाबाहेर पाऊल टाकायचा नाही. नकाशात गटाराची लाइन रस्त्याखालून सरळ गेलेली, म्हणून त्याने रस्ता दोन जागी खणला. दोन्हीकडे कोरडी माती.

"साहेब, लाइन रस्त्याखालून नाही," मुकादम म्हणाले. "ती गल्लीतल्या बेकरीखालून वळते. मधे एक चेंबर आहे. कवळीचा."

"कशाचा?"

"कवळीचा. तिथं आधी एका म्हाताऱ्याचं घर होतं. मागच्या न्हाणीत बसून दात घासताना त्याची कवळी सुटून गेली. मी खाली उतरलो तर गाळात वरच्या अंगाला तेवढी हसत होती. वर काढून दिली. त्याने नळाखाली धरली, झटकली आणि माझ्यासमोर तोंडात घातली."

साहेबाने तोंड फिरवलं. "काका, हे सगळं सांगायलाच पाहिजे का?"

"त्याशिवाय मला पुढचं दिसत नाही."

साहेबाने कागद पुन्हा उलगडला. कवळीच्या जागी काहीच नव्हतं. नीट बघितलं तर तिथं ब्लेडने खरवडून वर शाई फिरवलेली होती. शेजारी तारीख सहा वर्षांपूर्वीची, बेकरीला परवानगी मिळाली त्या सुमाराची. सही होती ती साहेबाच्या आधीच्या साहेबाची, जो निवृत्त होऊन सुखात होता. मुकादमांना आयुष्यात पुष्कळ घाणीची सवय झाली होती. ही मात्र त्यांना सोसेना. ते रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकले.

बेकरीवाला हात पुसत दारात आला. "चेंबर? माझ्या भट्टीघरात? साहेब, टाइल बघा. ताटाशिवाय जेवावं अशी जमीन आहे."

खरंच पांढरीशुभ्र होती. मागच्या भिंतीला न्हाणीचा जुना बिडाचा पाइप तेवढा राहिला होता, रंग दिलेला. मुकादमांना तेवढंच हवं होतं. त्यांच्या मनातल्या चित्रात तो पाइप डाव्या हाताला होता, दोन पावलांवर. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पाइप डावीकडे घेतला, दोन पावलं मोजली. "इथं फोडा."

चार टाइल फुटल्या. हातभर खणलं. खाली मुरूम, कोरडा ठणठणीत.

"वय झालं काकांचं," बेकरीवाला साहेबाला म्हणाला. "आमच्याकडेही वडील असंच करायचे. चष्मा कपाटात ठेवायचे आणि फ्रीजमधे शोधायचे." मग आवाज उतरवून म्हणाला, "टाइलचं बघू नंतर. तुम्ही निघा, माझी कणीक फुगून आलीय."

साहेबाने घड्याळ बघितलं. तो आता निघणार आणि पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाही, हे मुकादमांना कळत होतं. उद्या सकाळी परत काळी बादली. चौथं सलाईन त्या पोरीच्या कुठल्या शिरेत लावायचं, दोन्ही हात तर निळे झालेले. ते फुटक्या टाइलपाशी उकिडवे बसले आणि डोळे मिटले. चित्र तर लख्ख होतं. गाळ, कवळी, लोखंडी पायऱ्या, डाव्या हाताला पाइप.

पायऱ्या. त्यांचे हात आपोआप पुढे झाले, गज धरल्यासारखे. खाली उतरताना माणूस पायऱ्यांकडे तोंड करून उतरतो. आणि त्या चेंबरच्या पायऱ्या रस्त्याच्या बाजूला होत्या. म्हणजे त्यांनी तो पाइप पाहिला होता आतून, वर बघत, मागच्या भिंतीकडे पाठ करून. आज ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. सगळं चित्र उलटं लावलं होतं.

ते उठले, फिरले, भिंतीला पाठ लावली. पाइप डावीकडे घेतला. दोन पावलं. पुढ्यात कणीक मळायचं टेबल होतं, वर ओल्या फडक्याखाली फुगलेला मोठा गोळा.

"हे हलवा."

बेकरीवाल्याच्या तोंडावरचं हसू गेलं. "त्याखाली काही नाही."

"मग हलवायला काय जातंय?" हे मात्र साहेब बोलला.

टेबल सरकवलं. त्याच्या पायांशी उदबत्त्यांच्या राखेचा ढीग साठला होता. तिथं देव नव्हता, तसबीर नव्हती.  देवासाठी नाही, वासासाठी लावलेली उदबत्ती. आणि हा माणूस म्हणत होता त्याखाली काही नाही.

टाइलखाली सिमेंट, सिमेंटखाली झाकण. पहार घातली तसं झाकण उचकटलं आणि आतून सहा वर्षांचं साठलेलं वर आलं, काळं, जाड, वर मैद्याची बुरशी धरलेली साय. ते टाइलवर पसरलं, टेबलाच्या पायाला लागलं. साहेब दारापर्यंतही पोचला नाही, तिथंच ओकला. सकाळी त्याने इथलाच बन खाल्ला होता. मुकादमांनी नाकाला रुमाल लावला नाही. ते वाकून बघत होते. चेंबर तुंबून घाण जमिनीखाली पसरली होती आणि बाजूनेच गल्लीचा पिण्याच्या पाण्याचा पाइप गेला होता, सांधा गंजत गंजत आता चाळण झालेला. नळ बंद झाला की पाइप रिकामा पडायचा आणि हे सगळं आत ओढून घ्यायचा.

"तुम्हाला माहीत होतं," मुकादम बेकरीवाल्याला म्हणाले.

"काका, वास तर सगळ्याच गावात येतो."

 मुकादमांनी घरी जाऊन दोनदा अंघोळ केली, तरी त्याचं ते वाक्य अंगाला चिकटल्यासारखं वाटत होतं.

बेकरीला कुलूप लागलं. चेंबर उपसला, पिण्याचा पाइप तेवढा कापून बाहेरच्या बाजूने नवा टाकला. पाणी तपासायला गेलं. पाचव्या दिवशी कागद आला, पाणी चांगलं आहे म्हणून, आणि साहेबाने तो गल्लीच्या तोंडाशी चिकटवला. कुणी प्यायलं नाही. मुलगी अजून दोन गल्ल्या पलीकडून कळशी आणत होती.

"बाबा, उकळलं तरी घशाखाली उतरत नाही," ती म्हणाली. "जीव घाबरतो."

शेजारीण कठड्याला टेकून ऐकत होती. "कागद काय, चेंबर लपवला तोही कागदच होता. मुकादम, तुम्ही आत बघितलंय. तुम्ही प्या, मग आम्ही पिऊ."

अंगणात आणखी सात-आठ बायका जमल्या. मुलीने नळ सोडला, ग्लास भरून बाबांच्या हातात दिला. पाणी नितळ होतं. मुकादमांनी सवयीने देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले आणि मिटताच टेबल सरकलं, झाकण उचकटलं, ती साय फाटून काळं वर आलं.  पाणी कुठून आलंय हे त्यांना बोटाने दाखवता आलं असतं, इतकं स्पष्ट दिसत होतं.

त्यांनी डोळे उघडले. देवाचं नाव उघड्या डोळ्यांनीच घेतलं. नात उंबऱ्यात बसली होती, मनगटावर चिकटपट्टीचा मळका चौकोन. तिच्याकडे बघत त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि पापणी न लववता शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. आतून उलटी वर आली. तीही गिळली.

"घोटभर नाही हो, अख्खा संपवला," शेजारीण मागच्या बाईला म्हणाली, आणि आपली कळशी आणायला गेली.

मुलीने तोच ग्लास पुन्हा नळाखाली धरला, भरला आणि लेकीकडे निघाली. मुकादमांना तिला थांब म्हणावंसं वाटलं.  पण पोरीने ग्लास दोन्ही हातांनी तोंडाला लावला, तेवढा वेळ ते दुसरीकडे बघत राहिले.