सोमवारचे पाणी

आई सांगलीहून बंगळुरूला आली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. परतीचे तिकीट तिने निघण्याआधीच काढून घेतले होते. सांगलीच्या घरी ती एकटी राहायची. न्हाणीघरात पडून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झाले, हातात काठी आली. तिला पुन्हा एकटे राहू द्यायचे नाही, असे मी ठरवले होते. तिने ते मान्य केले नव्हते. "इथं मी दिवसभर करू काय?" एवढेच ती विचारायची. तिकडे परसात तिची मेथी आणि पालक असायचा. आमचा फ्लॅट सर्जापूर रोडवर, नवव्या मजल्यावर.

म्हणून मी बाल्कनीत मातीविना भाजी पिकवण्याची छोटी मांडणी आणली. पांढऱ्या पाइपांच्या चार ओळी, त्यांना भोके, भोकांत जाळीचे पेले, खाली चाळीस लिटरची टाकी. खत मिसळलेले पाणी पंपाने वर चढते, मुळे भिजवून पुन्हा टाकीत उतरते. वाकावे लागत नाही, हे मी आईला दोनदा सांगितले.

"माती नाही, शेण नाही," ती म्हणाली. "सलाइनवर ठेवलेली भाजी."

तरी पालकाचे बी तिनेच पेरले. रोपे आधी ट्रेमध्ये, ओल्या स्पंजात वाढली. मग आम्ही ती पाइपांत लावली. पहिल्याच मंगळवारी टाकीला आंबूस वास आला. मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. मी सगळे धुतले, पाणी आणि खत नवे घातले, ट्रेमधली उरलेली रोपे लावली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

मांडणी विकणाऱ्याला फोन केला. पाणी तापत असेल, टाकीवर सावली करा, असे तो म्हणाला. सावली केली. इमारतीला पाणी पुरवणाऱ्या टँकरवाल्याला विचारले, पाणी कुठून आणता. तो उगाच चिडला. शेजारच्या फ्लॅटमधल्या अक्कांचे मराठी घराणे कित्येक पिढ्या बंगळुरूच्याच बनशंकरी भागातले, बोलण्यात कानडी मिसळलेली. त्या म्हणाल्या, "पंप स्वल्प बदलून बघा की." पंप बदलला. रोज सकाळी सात वाजता पाण्याचे तापमान, आम्लता आणि खताचे प्रमाण मोजून वहीत लिहू लागलो.

"हजेरी घेतोस होय?" आई म्हणाली. "गैरहजर कोण कोण?"

नर्सरीतून आणलेली तिसरी खेपही कुजली. आता आई हसली नाही. "राहू दे. मी जायची वेळ येतच आली. मग तुझं तू कर काय ते."

मी पुन्हा रोपे आणली आणि वही वाचली. रविवारपर्यंत आकडे ठीक असायचे, सोमवारीही सकाळी ठीक असायचे. मंगळवारी सकाळी बिघडलेले. त्या सोमवारी मी ऑफिसला गेलो नाही, हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो. साडेनऊला आई देवघरातून आली. एका हातात काठी, दुसऱ्यात तांब्या. काठी कठड्याला टेकवून तिने टाकीचे झाकण उचलले आणि तांब्या रिकामा केला. महादेवाच्या पिंडीवरच्या अभिषेकाचे पाणी होते ते. दूध, दही, तूप, मध, साखर.

"आई, हे तू दर सोमवारी घालतेस?"

"मग? देवाचं पाणी मोरीत ओतू? तिकडं तुळशीला घालायची. इथं झाडं म्हणजे हीच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? विकणाऱ्याला विचारलंस, टँकरवाल्याला विचारलंस, अक्कांना विचारलंस. घरात मी एकटीच होते, मला सोडून सगळ्यांना विचारलंस."

हे खरे होते. मातीत ते दूध-साखर जिरून जाते, इथे तेच पाणी फिरत राहते आणि आंबते, असे मी तिला समजावले. मग टाकी रिकामी करून धुवायला घेतली.

"म्हणजे तिन्ही वेळा रोपं मीच मारली," ती म्हणाली.

दुपारी ती जेवली नाही. संध्याकाळी मात्र काठी घेऊन अक्कांकडे गेली आणि त्या हे पाणी कुठे घालतात ते विचारून आली. खाली बागेत, पारिजातकाला. अक्का तिला दारापर्यंत सोडायला आल्या. "सरी, ठरलं तर, पुढच्या सोमवारी दोघी मिळून जाऊ," त्या म्हणाल्या. "माळी काही बोलला तर मी आहे."

मी आणलेली रोपे तिने अक्कांना देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बियांपासून सुरुवात केली. मला टाकीला हात लावू दिला नाही. आम्लता कशी मोजायची ते शिकून घेतले आणि वहीही स्वतःकडे ठेवली. तिचे आकडे माझ्यापेक्षा मोठे आणि सुवाच्य आहेत.

परतीच्या गाडीला चार दिवस उरले, तेव्हा पालक जेमतेम वीतभर झाला होता. मुळे पांढरी होती. तिने एक पेला उचलून मला ती दाखवली.

"तिकीट रद्द कर," ती म्हणाली. "अजून कापायला आलेला नाही. आणि हा संपायच्या आत मेथी पेरायचीय."

मी तिकीट रद्द केले. नवे कधीचे काढायचे, ते तिने अजून सांगितलेले नाही.